तात्यांच्या पिशवीतल्या गोळ्या: उच्च रक्तदाबाच्या संयुक्त औषधाचं एक प्रकरण

मे महिन्यात, उन्हाळा ऐन भरात असताना, कोपरखैरण्याच्या आमच्या दवाखान्यात 58 वर्षांचे एक गृहस्थ सुनेचा हात धरून आले. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी टोळीत काम, मूळ गाव पाटण तालुक्यात. घरी आणि टोळीत त्यांना तात्या म्हणतात, म्हणून इथंही तात्याच म्हणते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

"उठलं की डोळ्यापुढं अंधारी येतीया. काल मोरीत तोल गेला. बाकी काय न्हाय," तात्या म्हणाले.

बाकी बरंच होतं, ते सुनेकडून कळलं. दोन दिवस जुलाब, जेवण जवळपास बंद, आदल्या संध्याकाळपासून लघवी अगदी थोडी. तशातही पहाटे मार्केटला जायला निघाले होते, तिनेच अडवलं. तपासताना जीभ कोरडी लागली. झोपवून रक्तदाब घेतला तर 104/64, नाडी 96. उभं करून मिनिटभराने घेतला तर 82/54, नाडी 114, आणि तात्यांनी टेबलाची कड घट्ट पकडलेली. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला तर त्याची दखल घ्यावीच लागते. इथे दोन्ही आकडे तेवढे उतरले होते. बसवून एकदाच बीपी घेतलं असतं तर ते थोडं कमी वाटलं असतं, एवढंच. मोरीत तोल का गेला ते कळलं नसतं.

दोन्ही घोट्यांवर मात्र सूज. बोटाने दाबलं की खड्डा पडत होता. अंगातलं पाणी आटलेलं आणि पाय सुजलेले, असं एकत्र दिसलं की मी आधी औषधं बघायला मागते.

पिशवी

"नेहमीच्या गोळ्या घेऊन या" असं सांगितलं की लोक त्यांच्या मते नेहमीच्या असलेल्याच आणतात. अंगदुखीची गोळी कुणाच्याच हिशेबी नेहमीची नसते. म्हणून सुनेला सांगितलं, "घरात तात्या जे जे तोंडात टाकतात ते सगळं आण. कागद असो, नसो." घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. ती साडीच्या दुकानाची एक पिशवी घेऊन आली आणि टेबलावर रिकामी केली.

पहिली स्ट्रिप नवी होती. तिच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत तीन औषधांची नावं होती: टेल्मिसार्टन 40, अ‍ॅम्लोडिपिन 5, हायड्रोक्लोरोथायाझाइड 12.5 मिलिग्रॅम. म्हणजे रक्तदाबाची तीन औषधं एकाच गोळीत, त्यातलं तिसरं लघवी वाढवणारं.

दुसरी स्ट्रिप अर्धी कापलेली. मेडिकलवाले दहातल्या सहाच गोळ्या हव्या असल्या की कात्री चालवतात, तशी. नावाचा पुढचा भाग कापून गेला होता, शेवटी फक्त 'एएम' उरलं होतं. मुदतीच्या तारखेतलं वर्ष होतं, महिना नव्हता. गोळी दोन रंगांच्या दोन थरांची. फॉइल उजेडात तिरकं धरून वाचल्यावर कळलं: टेल्मिसार्टन 40, अ‍ॅम्लोडिपिन 5.

बाकी कोलेस्टेरॉलची अ‍ॅटोरव्हास्टॅटिन 10, लघवी वाढवणारी फ्युरोसेमाइड 40, आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉलच्या दोन स्ट्रिपा, त्यातली एक संपलेली. फ्युरोसेमाइड आणि वेदनाशामक, दोन्हींसाठी कुणाचीही चिठ्ठी नव्हती.

"तात्या, ही नवी सकाळी आणि ही जुनी रात्री, असं घ्यायला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगाय पायजे? नवी वाशीच्या डॉक्टरांनी दिली. जुनी पयल्यापासनं चालूच हाय. कागदावर लिवलंय की, बाकी औषधं चालू."

कागदावर खरंच तसं लिहिलेलं होतं. लिहिणाऱ्याच्या मनात कोलेस्टेरॉलची गोळी असणार. नवी गोळी जुनीच्या जागी आलेली आहे हे वाक्य मात्र कागदावर नव्हतं, आणि तात्यांनी ते मनाने जोडावं असं कुठलंच कारण त्यांच्यापाशी नव्हतं. नाव वेगळं, रंग वेगळा, म्हणजे औषध वेगळं. कुणीही असाच विचार करील.

हिशेब मांडला. रोज टेल्मिसार्टन 80, अ‍ॅम्लोडिपिन 10, शिवाय दोन जातींची लघवीची औषधं आणि वर वेदनाशामक. टेल्मिसार्टन 80 आणि अ‍ॅम्लोडिपिन 10 या मात्रा वापरात आहेत, काही रुग्णांना लागतातही. पण त्या तपासत, पायरीपायरीने वाढवायच्या असतात. इथे त्या एका रात्रीत दुप्पट झाल्या आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

रक्ताचे आकडे आणि मिठाची पुडी

त्याच दुपारी रक्त तपासलं. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक, 2.1, जे मार्चमध्ये 1.0 होतं. युरिया 84, सोडियम 130, पोटॅशियम 5.7. ईसीजी सुदैवाने ठीक होता.

सोडियम कमी असणं समजण्यासारखं होतं. जुलाब आणि थायाझाइड, दोघेही ते खाली नेतात. मी अडले ती पोटॅशियमवर. दोन-दोन लघवीच्या गोळ्या घेणाऱ्याचं पोटॅशियम सहसा कमी निघतं, इथे ते चढलेलं. मूत्रपिंडाचं काम मंदावलं की पोटॅशियम साठतं आणि टेल्मिसार्टन त्यात भर घालतं, हे धरूनही आकडा जरा जास्त वाटत होता. म्हणून स्वयंपाकघराची चौकशी केली.

"मॅडम, मीठ तर मी दोन महिन्यांपूर्वीच बदललं," सून म्हणाली. "बीपीवाल्यांचं असतं ना, ते आणते. आणि जुलाब लागल्यापासून रोज दोन शहाळी देतेय."

कमी सोडियमच्या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्याजागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. हे मीठ वाईट नाही. उलट चीनमध्ये 600 गावांत याचा मोठा अभ्यास झाला, 2021 मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि असं मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचं प्रमाण कमी आढळलं. पण ज्यांचं मूत्रपिंड अधू आहे किंवा जे टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल अशा गटातली औषधं घेतात, त्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. पुडीवर 'आरोग्यदायी' मोठ्या अक्षरांत असतं आणि हा इशारा असला तर कोपऱ्यात. शहाळ्याचंही तेच. एका शहाळ्यात एका केळ्याइतकं, कधी त्याहून जास्त पोटॅशियम असतं. एरवी चालतं, मूत्रपिंड अडलेलं असताना ते अंगावर येतं. सुनेचा चेहरा पडला. तिला सांगितलं की तू काळजीपोटी केलंस, आणि बीपीच्या माणसाचं मीठ बदलावं हे तुझं म्हणणं बऱ्याच घरांत बरोबरच ठरेल.

साखळी कुठून सुरू झाली

तात्यांकडून आणि जुन्या कागदांवरून मागचे चार-पाच महिने जुळवले. जानेवारीत कंबर धरली. 50 किलोची गोणी पाठीवर घेणाऱ्याची कंबर धरली तर त्यात नवल नाही. टोळीतल्या एकाने सांगितलेली गोळी मेडिकलमधून आणली, आराम पडला, मग सकाळ-संध्याकाळ सुरूच राहिली. मार्चमध्ये बीपी 158/96 निघालं. त्याआधी अनेक वर्षं ते दोन औषधांच्या एका गोळीवर बऱ्यापैकी ताब्यात होतं. वाशीच्या डॉक्टरांनी तिसरं औषध जोडलेली गोळी दिली. जुनी सुरूच राहिली. एप्रिलमध्ये पाय सुजले. मेडिकलच्या काउंटरवर पाय दाखवले, "पाणी साठलंय" म्हणून फ्युरोसेमाइड मिळाली. मेमध्ये जुलाब.

या साखळीतली पहिली कडी बीपीचं औषध नव्हती, कंबरेची गोळी होती. अ‍ॅसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीची वेदनाशामकं शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, रक्तदाब वाढवतात, आणि टेल्मिसार्टन किंवा लघवीच्या औषधांचा जोर कमी करतात. मार्चमधला 158 हा आकडा बराचसा त्या गोळीने चढवलेला असावा, असं माझं मत आहे. त्या दिवशी वेदनाशामकाबद्दल विचारलं गेलं असतं किंवा तात्यांनी ते आपणहून सांगितलं असतं, तर तिसऱ्या औषधाची वेळ कदाचित आलीच नसती. पण तात्यांच्या लेखी ती 'औषध' नव्हतीच. बीपीची गोळी म्हणजे औषध, कंबरेची गोळी म्हणजे नुसती गोळी.

आकडा फुगायला आणखी एक कारण होतं. तात्यांच्या दंडाचा घेर 35 सेंटीमीटर भरला. घरगुती यंत्राबरोबर येणारा नेहमीचा पट्टा साधारण 32 सेंटीमीटरपर्यंतच्या दंडासाठी असतो. तो जाड दंडावर ताणून बांधला की बीपी खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. ओझी उचलणाऱ्या, व्यायाम करणाऱ्या किंवा स्थूल माणसांसाठी मोठा पट्टा वेगळा घ्यावा लागतो. दुकानदार तो सहसा आपणहून काढून दाखवत नाही.

आता पायांच्या सुजेविषयी. अ‍ॅम्लोडिपिन बारीक रोहिण्या सैल करतं, त्यामुळे केशवाहिन्यांतला दाब वाढून पाणी आजूबाजूच्या पेशींमधल्या जागेत पाझरतं. शरीरात जादा पाणी साठल्यामुळे ही सूज येत नाही, म्हणून लघवीच्या गोळीने ती फारशी हटतही नाही. मात्रा वाढली की सूज वाढते, मात्रा कमी केली की बहुधा उतरते. टेल्मिसार्टनच्या जोडीने दिलं तर ती मुळात कमी येते. एका औषधाच्या दुष्परिणामाला नवा आजार समजून त्यावर दुसरं औषध देणं हा प्रकार दवाखान्यांतही घडतो, मेडिकलच्या काउंटरवर तर रोजचाच.

मूत्रपिंडाचं काय झालं ते तात्यांना सोसायटीच्या टाकीवरून सांगितलं. गाळणीत रक्त आणणारी एक वाहिनी असते, बाहेर नेणारी दुसरी. आत दाब टिकला तरच गाळणी चालते. वेदनाशामकामुळे आत आणणारी वाहिनी आवळते, म्हणजे टाकीत पाणी येण्याचा व्हॉल्व्ह अर्धा बंद. टेल्मिसार्टनमुळे बाहेर नेणारी सैल पडते, म्हणजे खालचा नळ मोकळा सुटलेला. आणि लघवीच्या गोळ्या व जुलाबांमुळे मोरबे धरणातूनच पाणी कमी सुटलेलं. यातलं एकटंदुकटं धडधाकट मूत्रपिंड बहुतेक वेळा निभावून नेतं. तिन्ही एकदम आली की टाकीत दाब उरत नाही. "म्हंजी वरच्या मजल्यावर पाणी न्हाय," तात्या म्हणाले. त्यांच्या इमारतीत ते चौथ्या मजल्यावर राहतात.

उपचार

पोटॅशियम 5.7 आणि लघवी कमी, म्हणून त्याच संध्याकाळी वाशीच्या एका रुग्णालयात दाखल केलं. वेदनाशामक आणि फ्युरोसेमाइड बंद, कायमची. बीपीची दोन्ही संयुक्त औषधं तात्पुरती बंद. शिरेतून सलाइन. ते विशेष मीठ आणि शहाळी बंद. पोटॅशियम दर काही तासांनी तपासलं गेलं, ईसीजी पुन्हा काढला. दुसऱ्या दिवशी लघवी सुटली. 48 तासांनी क्रिएटिनिन 1.5, पोटॅशियम 4.8. घरी सोडताना बीपी 126/78, तेही एकही गोळी न घेता. त्यावर तात्या खूष. मग गोळ्यांची गरजच काय, हा प्रश्न अपेक्षितच होता.

गरज होती. अंगातलं पाणी भरून आलं तसं बीपी चढत गेलं, आठवडाभरात 148/92. मूत्रपिंड अजून पूर्ण सावरलं नव्हतं म्हणून आधी एकटं अ‍ॅम्लोडिपिन 5 सुरू केलं. क्रिएटिनिन 1.1 वर आल्यावर टेल्मिसार्टन 40 जोडलं, दहा दिवसांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पुन्हा तपासलं. ही तपासणी लोक हमखास टाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात टाळू नये अशी हीच. दोन्ही ठीक निघाल्यावर दोन सुट्या गोळ्यांच्या जागी दोन्ही औषधांची एकच गोळी दिली. तिसरं औषध दिलं नाही.

एवढं झाल्यावर पुन्हा संयुक्त गोळीच का, असं तात्यांच्या मुलाने विचारलं. प्रश्न रास्त होता. एका औषधाची मात्रा दुप्पट केल्याने बीपी जितकं जास्त उतरतं त्याच्या सुमारे पाचपट ते दुसऱ्या गटातलं औषध जोडल्याने उतरतं, आणि दोन्ही मात्रा लहान राहिल्याने त्रासही कमी होतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये अशा संयुक्त गोळ्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतल्या, आणि 2021 च्या मार्गदर्शक सूचनांत शक्यतो एकाच गोळीतून दोन औषधं द्यावीत असं सुचवलं. शिवाय पहाटे मार्केट गाठणारा माणूस एक गोळी विसरणार नाही, तीन असल्या तर एखादी विसरेल. हे प्रकरण जोडगोळीच्या विरोधात अजिबात नाही. तिच्या पोटात काय आहे हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, तिथे सगळं बिनसलं.

कपाटावरचा कागद

तो अज्ञानाचा भाग एका कागदाने सुटला. सुनेने मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून कपाटाच्या दाराला चिकटवला. ब्रँडचं नाव दुय्यम, आधी आतल्या औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम, मग कशासाठी, मग कुठल्या वेळी. खाली एक ओळ लाल पेनाने: 'जुनी दोन थरांची गोळी बंद.' नवीन गोळी मिळाली की आधी विचारायचं, ही जास्तीची की जुनीच्या जागी? मेडिकलवाल्याने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली तर कागदावरची नावं आणि स्ट्रिपच्या मागची नावं जुळवायची. एकच औषध दोन स्ट्रिपांवर दिसलं तर दुसरी तोंडात टाकण्याआधी फोन करायचा.

संयुक्त गोळ्यांच्या नावापुढची अक्षरं तोंडपाठ करण्यात अर्थ नाही. 'एएम' म्हणजे बहुधा अ‍ॅम्लोडिपिन, 'एच' म्हणजे बहुधा हायड्रोक्लोरोथायाझाइड, पण हा कायदा नाही, कंपनीगणिक बदलतो. बऱ्याच ब्रँडमध्ये 'एटी' म्हणजे अ‍ॅटेनोलॉल असतं, आणि ते बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंद करणारं औषध, अचानक बंद केलं तर छातीत दुखणं, धडधड उद्भवू शकते. म्हणून तात्यांच्या गोळ्या बंद केल्या तशा शेजारच्या काकांनी आपल्या बंद करू नयेत. तसंच टेल्मिसार्टन आणि त्याच्या गटातली औषधं गरोदरपणात चालत नाहीत. दिवस राहिल्याचं कळलं, किंवा तसा विचार असला, तरी डॉक्टरांशी बोलून औषध बदलून घ्यायचं.

डबीचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण सांगते. टेल्मिसार्टन हवेतली ओल पटकन धरतं. वारांच्या कप्प्यांच्या प्लास्टिक डबीत त्याच्या गोळ्या आठवडाभर सुट्या ठेवणं, तेही खाडीकाठच्या पावसाळ्यात, बरं नाही. फॉइलसकट कापून ठेवावी आणि प्रत्येक तुकड्यावर मार्करने नाव लिहावं. दोन थरांची गोळी अर्धी करू नये. स्ट्रिप शक्यतो अख्खी घ्यावी.

वेळेवरून घरात वाद होता, सकाळी बरी की रात्री. ब्रिटनमध्ये 21 हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सकाळ आणि संध्याकाळ यांत फरक आढळला नाही. तात्यांनी मार्केटवरून आल्यावर न्याहारीनंतरची वेळ निवडली, कारण तेव्हा सून घरात असते. एखाद्या दिवशी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

जुलाब-उलट्या किंवा तापात खाणं-पिणं सुटलं तर त्याच दिवशी फोन करायचा. अशा वेळी टेल्मिसार्टन आणि लघवीचं औषध थोडे दिवस थांबवावं लागू शकतं, आणि जेवण नीट सुरू झाल्यावर पुन्हा चालू करायचं असतं. किती दिवस ते डॉक्टर ठरवतील. स्वतःहून थांबवलेली गोळी पुन्हा सुरू करायची राहून जाते.

कंबरेसाठी व्यायाम, पट्टा आणि गरजेपुरतं साधं पॅरासिटामॉल. मुकादमाने काही महिने गोणीऐवजी वजनकाट्यापाशी उभं राहण्याचं काम दिलं, हा खरा उपचार. सर्दीच्या गोळ्यांत फिनाइलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असतं, तेही बीपी चढवतं. कागदावर तीही नावं लिहून दिली. कारण पावसाळ्यात सगळी टोळी शिंकत असते आणि एकाची स्ट्रिप चौघांत फिरते.

पायांची सूज जूनच्या मध्यापर्यंत उतरली. ऑक्टोबरमध्ये आले तेव्हा मोठ्या पट्ट्याने बसून 128/78, उभं राहून 122/78, क्रिएटिनिन 1.0, पोटॅशियम 4.4. घरच्या वहीतले आकडे 135/85 च्या खाली. थंडीत वरचा आकडा काही अंकांनी चढतो, त्यामुळे जानेवारीत पुन्हा बघायचं ठरलं आहे. तेव्हा खरंच तिसऱ्या औषधाची गरज दिसली तर देऊ. या वेळी तेही त्याच गोळीत घालून, आणि जुनी स्ट्रिप दवाखान्यात जमा करून.